मुनीर, घाटावर निकाल लागला

मुनीर,

तुझ्यावाचूनची पहिली यात्रा परवा पार पडली. बैलगाडे पळतात तो चढाचा घाट तोच, धुरळा तोच, उसाच्या रसाच्या गाड्यावरच्या माशासुद्धा त्याच. आणि तुझा-माझा जो वाद तू अर्धवट टाकून गेलास, त्याचा निकाल लागला. कळवायला तुला फोन लावता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मी बोलून बोलून घसा बसवणारा माणूस, लिहायला बसलो की पेनाचं टोपण चावत राहतो. चुकलं-माकलं तर हसू नकोस. हसशीलच म्हणा.

वाद काय होता ते आधी सांगतो. तुला नव्हे, हे वाचतील त्यांना. तू मध्ये बोलू नकोस. वाद एवढाच, की लोकांना एकदा आवडलेली गोष्ट कलाकारानं पुन्हा वाजवावी की नाही. मी म्हणायचो, वाजवावी. तू म्हणायचास, मरेन पण वाजवणार नाही. शब्द पाळलास, राव.

आपण जुन्नरच्या कॉलेजात एका बाकावर बसलो, कारण दोघांनाही शेवटचाच बाक हवा होता. मला खिडकीतून बाहेर बघायला आणि तुला बाकाच्या कडेला सायकलची तार ताणून वाजवायला. तुझ्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजायच्या त्यांच्या कमानीची तात दिवसभर बोलायची. मला सगळे ठोके सारखेच ऐकू यायचे. तू मात्र आतल्या खोलीत बसून सांगायचास, "आता कापूस ओला हाय बघ. आता मोकळा झाला." मला वाटायचं हा थापा मारतोय. एकदा मी जाऊन कापसात हात घालून आलो, तर खरंच दमट होता. त्या दिवसापासून तुझ्या कानांपुढे मी हात टेकले. बाकी कशापुढे टेकले नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

मग तू पुण्याला गेलास, तिथून मुंबईला, आणि एक दिवस त्या बँडमध्ये दिसलास. बँडचं नाव लिहीत नाही, कारण तूही कधी घेतलं नाहीस. 'ती मंडळी' म्हणायचास. त्या मंडळींची पोस्टरं देशभर लागायची आणि त्यात डावीकडे, केस डोळ्यांवर घेतलेला, आमच्या पिंजाऱ्यांचा मुनीर असायचा. मी पुण्याला टोमॅटो पोचवून तसाच तुझ्या कार्यक्रमाला मैदानावर आलो होतो, आठवतं? गिटारवरचा तुझा तो लांबलचक तुकडा सुरू झाला आणि हजारो पोरं-पोरी तोंडानं तो सूर न् सूर म्हणायला लागली. मी शेजारच्याला सांगितलं, "हा आमच्या जुन्नरचा. माझ्या बाकावरचा." त्यानं माझ्या अंगाचा टोमॅटोचा वास घेतला आणि दोन पावलं लांब सरकला. माझा ऊर मात्र भरून आला होता. त्याला काय कळणार!

आणि तू ते सोडून आलास! ऐन बहरात, भरल्या ताटावरून उठून. जुन्नरमध्ये त्यावर किती कथा पिकल्या, सांगू? कुणी म्हणे भांडण झालं, कुणी म्हणे हाकलला, कुणी म्हणे बोटं गेली. तुझ्या बोटांची चौकशी तर मला थेट नारायणगावच्या बाजारात व्हायची. खरं कारण तू माझ्या रानात सांगितलंस. टोमॅटोची बांधणी चालली होती. तू सुतळी घेऊन मदतीला उभा होतास, आणि एवढा मोठा गिटारवाला, पण तुझी एक गाठ टिकत नव्हती.

"दत्ता, रोज तेच वाजवायचं व्हतं," तू म्हणालास. "रेकॉर्डमदी वाजवलं तस्संच. एक सूर हलवला तर खालचं पब्लिक तोंड वाकडं करायचं. त्यांना पाठ झालंय ना. मग मी कशाला पायजे? रेकॉर्ड लावा की."

"आरं, पण त्याच सुरावर तुझं घर चालतंय," मी म्हणालो.

"घर चालतंय. मी उभाच हाय."

इथंच आपला वाद जन्मला. त्या सरीतल्या रोपांनी तो पहिल्यांदा ऐकला आणि तुझ्या गाठी सुटून ती सगळी दुपारपर्यंत आडवी झाली.

मग तू एकट्याच्या नावानं निघालास. पुण्यातल्या एका सभागृहात तुझा पहिला सोलो कार्यक्रम. त्या वेळी बैलगाडा शर्यतींवर बंदी होती. त्यामुळे गाडामालक मंडळी रिकामीच, आणि आमचे तात्या तर फारच रिकामे. तात्या म्हणजे आमच्या पिंपळवंडीच्या शिवारातले नावाजलेले गाडामालक, ज्यांना स्वतःच्या नातवंडांची नावं आठवावी लागतात पण बैलांची सात पिढ्यांची वंशावळ पाठ. मी पिकअप भरून माणसं आणली, पुढच्या रांगेत तात्यांना बसवलं. तू डोळे मिटून वाजवत होतास. बऱ्याच वेळानं तात्यांनी माझ्या कानात विचारलं, आणि तात्यांचं कानातलं बोलणं म्हणजे शेवटच्या रांगेला ऐकू जाणारं, "गाणारा आला न्हाई व्हय अजून? का ट्राफिकमदी घावला?"

तू वाजवता वाजवता हसलास. नंतर म्हणालास, आख्ख्या कार्यक्रमात तेवढीच एक गोष्ट नवी घडली. बाकीचे प्रेक्षक त्या मंडळींची जुनी गाणी मागत होते. तू ती वाजवली नाहीस आणि पुढच्या कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तू जुन्नरला परतलास, दुकानात गाद्यांवर बसून पोरांना गिटार शिकवू लागलास. मला वाईट वाटायचं, मी दाखवायचो नाही. तू म्हणायचास, "तोंड पाडू नको. मी लई मजेत हाय." आणि खरंच मजेत दिसायचास, म्हणून तर मला जास्त राग यायचा.

पुढं बंदी उठली. घाट पुन्हा बोलते झाले आणि माझं दुकान सुरू झालं. माझं दुकान म्हणजे तोंड. यात्रेच्या घाटावर माईक घेऊन ओरडणारा निवेदक मी. गाडा कुणाचा, गाव कुठलं, बैल कुणाच्या दावणीचे, हे एका दमात सांगायचं आणि निशाण पडलं की "झाली, झाली, झाली" म्हणत भिर्रर्र करायचं. डिंगोऱ्याकडच्या एका घाटावर पहिल्याच दिवशी माझा घसा बसला. जोडीदार निवेदक आलेला नव्हता. मी तुला फोन केला. स्टेजची सवय असलेला माणूस म्हणून तूच आठवलास. आलास, खांद्यावर गिटारची पिशवी तशीच.

तुझ्याइतका वाईट निवेदक या दोन तालुक्यांनी पाहिला नसेल. चार बैल, रिकामा गाडा, पुढं घोडी, सगळं वाऱ्यासारखं वर चढतंय, आणि तू माईकवर शांतपणे म्हणतोस, "पांढरे बैल येत आहेत. छान येत आहेत." ना मालकाचं नाव, ना गावाचं. गाडामालकाचं नाव न घेणं म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाचं नाव विसरण्यातला प्रकार. खाली आरडाओरडा सुरू झाला. तू घाबरून माईक माझ्याकडे दिलास, मी घसा दाखवला, आणि त्या गडबडीत तू पिशवीची चेन उघडलीस.

पुढची बारी तात्यांची होती. बारी म्हणजे एका गाड्याची खालून वरपर्यंतची एक धाव, पाणी पिऊन होईपर्यंत संपणारी. तू निशाण पडायच्या आधीच तार छेडलीस. कर्ण्यातून जो काही आवाज फुटला, त्यानं बैल बावरले, जुंपता जुंपता फिरले, घोडीवाला पडता पडता वाचला. तात्या थेट स्टेजवर चढले.

"मुनीर, माझे बैल नाचायला आणलेत का रं? तुझं ते टँव टँव बंद कर आधी!"

दुसरा कुणी असता तर पिशवी उचलून घरी गेला असता. तू म्हणालास, "तात्या, चुकलं. मला तुमच्या गोठ्यात येऊ द्या."

त्यानंतर तू तात्यांच्या गोठ्यात जाऊन बसायला लागलास. गिटार न घेता, नुसता. बैल पाणी कसा पितो, पाय कसा टाकतो, कुठल्या बैलाला आवाज सोसतो, कोण कान पाडतो, सगळं बघायचास. मग हळूहळू, अगदी बारीक आवाजात, तिथंच वाजवायला लागलास. तात्या पहिले काही दिवस दाराशी बसून तुझ्यावर पहारा द्यायचे. नंतर चहा द्यायला लागले. पुढं तर मी गेलो की मलाच दटावायचे, "हळू बोल, बैलं ऐकत्यात."

असा तुझा खरा सोलो सुरू झाला. पुण्याचे तुझे जुने ओळखीचे मला विचारायचे, मुनीर सध्या काय करतो? मी सांगायचो, सोलो करतो. कुठं? घाटावर. एकाला वाटलं घाट हे हॉटेलचं नाव आहे, त्यानं टेबल मिळेल का विचारलं.

एरवी मी तुझं तोंडावर कौतुक केलं नाही. आता करतो, ऐकून घे. निशाण पडलं की तुझा पहिला सूर पडायचा, त्याआधी कधीच नाही. बैल जड निघाले तर सूर जड, मध्येच उसळले तर तूही उसळायचास, आणि गाडा वरच्या टोकाला पोचला की तुझा शेवटचा सूर त्याच्याबरोबर पोचलेला. त्या मंडळींबरोबर तुला जेवढा वेळ नुसता सूर जुळवायला लागायचा, तेवढ्यात इथं अख्खी मैफल संपायची. तू हातांकडे बघायचा नाहीस. खाली बैलांच्या पायांकडे बघायचास. "दत्ता, आता बारी कशी जाणार ते मला ठावं न्हाई, बैलाला ठावं न्हाई, तात्यांना न्हाई. लई झ्याक वाटतं," असं म्हणालास एकदा. तुझा चेहरा तेव्हा कॉलेजातल्या बाकावरच्यासारखा दिसला.

आणि माझी चेष्टा! मी माईकवर एखाद्या बैलाचं नाव चुकलो, नाहीतर महाळुंग्याचा गाडा डिंगोऱ्याला नेऊन बांधला, की तू गिटारवर दोन सूर काढायचास. नुसते दोन. पण त्यात 'वा रे वा शहाणे' असं स्वच्छ ऐकू यायचं. सगळा घाट हसायचा. पुढं पुढं लोक माझ्या चुकीची वाट बघायला लागले. कमाल म्हणजे ती चेष्टासुद्धा तू कधी तशीच दुसऱ्यांदा वाजवली नाहीस. प्रत्येक चुकीला नवे दोन सूर. एवढा उधळा माणूस मी पाहिला नाही.

मग ती बारी आली. तात्यांचे बैल त्या दिवशी काय पळाले! मी 'झाली' म्हणायला तोंड उघडलं आणि तोंड उघडंच राहिलं. तू मात्र वाजवत होतास. काय वाजवलंस ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की गाडा वर पोचला तेव्हा जो गुलाल-भंडारा उधळला, त्यात मला तू दिसेनासा झालास. तात्या रडत होते. बैलांसाठी का तुझ्यासाठी, त्यांनाच विचार. आता विचारता येणार नाही म्हणा तुला. मी विचारीन.

कुणीतरी ते फोनवर घेतलं होतं. चार दिवसांत दोन्ही तालुक्यांत पसरलं. बसस्टँडवर उभं राहिलं की कुणाच्या ना कुणाच्या खिशात तुझी गिटार वाजायची. जिथं जाऊ तिथं एकच मागणी, "मुनीरभाय, ते तात्यांच्या बारीचं वाजवा की!" आणि तू हात जोडून, हसून, नाही म्हणायचास.

मग आपली जुंपायची. एका घाटावरून दुसऱ्या घाटाकडे जाताना, माझ्या पिकअपमध्ये.

"लोकं एवढी प्रेमानं मागतात, एकदा वाजवलंस तर बोटं झिजतील का?"

"ती बारी झाली, दत्ता."

"आंबा गोड लागला तर माणूस परत आंबा खात न्हाई का?"

"खा की. पण तोच आंबा परत खाऊन दाखव."

मी चिडून गिअर टाकायचो, गाडी कुरकुरायची, आणि तू गिअरच्या त्या आवाजाला शीळ घालून साथ द्यायचास. असं किती वेळा झालं! एकदा तर नसीमभाभी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, सोडा. घरात पण हेच हाय. मी म्हणते, ते कालचं वाजवा, लई ग्वाड व्हतं. तर म्हणतात, काल गेला." तू मान वळवून म्हणालास, "गेलाच ना?" त्यावर मी तुला पटेलसं उत्तर शोधत होतो. शोधतच होतो, तेवढ्यात तू गेलास.

जुम्म्याची नमाज पढून घरी आलास, गादीवर टेकलास आणि संपलास. इतकं छोटं. कब्रस्तानात गाडामालकांनी डोक्याला रुमाल बांधले होते, तात्यांनी टोपीवरच रुमाल बांधला होता. माती टाकताना माझ्या तोंडून घाटावरची आरोळी निघता निघता राहिली. लोक म्हणाले, दत्ता, दोन शब्द बोल. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलायची संधी सोडून निघालो. घरी येऊन मी टोमॅटोच्या रानात जाऊन ढसाढसा रडलो. हे इथं लिहून टाकतो, कारण तोंडानं मी कबूल करणार नाही.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाची जेवणं झाली आणि तात्यांनी विषय काढला. यंदा यात्रेला त्यांच्या बारीला तुझं फोनवरचं ते वाजवायचं. "माझे बैल आणि त्याची गिटार. एवढं तरी झालंच पायजे." यात्रा कमिटी तयार. मीही तयार, खोटं कशाला बोलू. मला ते ऐकायचं होतं, एवढ्या मोठ्या कर्ण्यातून, एकदाच. भाभींना विचारलं. त्या डाळच्याचं भांडं उचलता उचलता थांबल्या. "वाजवा भाऊजी. मला पण ऐकायचंय. पर ते असते तर चिडले असते, हे ध्यानात ठेवा." मी म्हणालो, चिडू दे. या वेळी मीच जिंकणार, तो काय उत्तर द्यायला येतोय!

तर परवा. घाट भरलेला. भाभी बायकांच्या बाजूला पुढं बसलेल्या. स्टेजच्या कोपऱ्यात तुझी जागा तशीच रिकामी ठेवलेली, तिथं कुणी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तात्यांचे बैल जुंपले, मी फोन माईकला लावला, निशाण पडलं, आणि तू सुरू झालास. तोच पहिला सूर. घाटावर बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. गिटार चढत गेली, चढत गेली...

आणि बैल घाटाच्या मध्यावर उभे राहिले.

का, ते देवाला ठाऊक. घोडी एकटीच वर पोचली. घोडीवाला मागं वळून बघतोय. गिटार आकाशाला भिडलीय, तिच्या त्या शेवटच्या जागेवर आलीय जिथं त्या वर्षी भंडारा उधळला होता, आणि खाली तात्यांचे चार बैल आरामात उभे राहून शेपट्या हलवतायत. एकानं तर बसूनच घेतलं. आधी एक जण हसला. मग दहा. मग सगळा घाट. भाभी पदरात तोंड घालून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. रेकॉर्ड तिच्या डौलात संपली. टाळ्या वाजवायच्या कुणासाठी, कुणालाच कळेना.

तू असतास तर काय केलं असतंस, मला पक्कं माहीत आहे. बैल थांबले तिथं तूही थांबला असतास. बसलेल्या बैलासाठी असं काहीतरी आळसटलेलं वाजवलं असतंस, की तोच हसून उठला असता. ती बारी हरलेली असूनही लोकांनी वर्षभर सांगितली असती.

मी फोन खिशात घातला आणि माईक घेतला. म्हणालो, "मंडळी, माझा आणि मुनीरचा एक जुना वाद व्हता. आज तुमच्यासमोर निकाल लागला. मुनीर जिंकला. मी हरलो." आणि सवयीनं थांबलो. तुझ्या त्या दोन सुरांसाठी. एवढी मोठी हार मी आयुष्यात कबूल केली नव्हती, आता तर तू मला सोडणारच नव्हतास.

काही आलं नाही. सगळा घाट माझ्याबरोबर थांबला होता, सगळेच त्या दोन सुरांची वाट बघत होते. स्टेजचा कोपरा रिकामा होता. तेव्हा, तेव्हा कुठं मला नीट कळलं, की तू गेलास.

मग खालून, घाटाच्या मध्यातून, बैलाचा कासरा धरून उभ्या असलेल्या तात्यांनी मान वर केली आणि तोंडानं जोरात वाजवलं, "टँव! टँव!"

बेसूर होतं, मुनीर. भयंकर बेसूर. तुझ्यासारखं अजिबात आलं नाही. पण तुझ्यासारखं आलं असतं, तर तुला ते आवडलं नसतं.